यूमात, रात्री साडेदहाला

भिंतीवरचा आकडा अठ्ठावीस होता
तेव्हा मी भांडी घासत होते.
बाबांच्या खोलीत डोकावले,
उघडी पाठ, पाठीवर घाम, गाढ झोप.
परत आले तर तीस.

मागच्या अंगणात ते लोखंडी खोकं
गुरगुरत होतं, पण वरचा पंखा ढिम्म.
माणूस बोलायला तोंड उघडतो
आणि पहिलं अक्षरच फुटत नाही, तसं.
जाळीवर हात धरला.
वारा नाही, नुसती धग.

कंपनीचा माणूस म्हणाला, गुरुवारी.
आज सोमवार.
बाबा शहाऐंशीचे आहेत, मी म्हटलं.
तो म्हणाला, माझ्या यादीत
सगळेच कुणाचे ना कुणाचे बाबा आहेत, बाई.
त्याचा आवाज इतका दमलेला होता
की मला भांडताच आलं नाही.

भिंतीपलीकडे बॅटरीचा उजेड हलला.
हार्लन टटल.
दोन वर्षं आमचं बोलणं बंद,
त्याच्या मेस्कीटची फांदी माझ्या आवारात
शेंगा टाकते म्हणून.
मी वकिलाची चिठ्ठी पाठवली होती,
त्यानं ती घडी घालून फांदीलाच बांधली.
या गावात पाऊस कुठला,
ती तिथंच वाळून पिवळी पडली.

"तो आवाज झोपू देत नाही," तो म्हणाला.
"काठी आहे का, बारीक?"

मी हात वर केला
आणि तीच फांदी कडकन मोडली.
त्यानं पाहिलं. काही बोलला नाही.

"जाळीतून घाल. बोट घालू नको,
गेलेलं बोट परत येत नाही.
पात्याला हळूच ढकल."
ढकललं.
पातं अडखळलं, मग एक गिरकी,
मग सगळी पाती मिळून राखाडी चकती झाली
आणि गरम वारा हनुवटीवर आदळला.

"म्हणजे मोटार जिवंत आहे. कपॅसिटर गेलाय,
तोही अर्धा, पंख्यापुरता."
भिंतीवरचा खटका ओढून वीज तोडली,
बाजूचं झाकण उघडलं.
आत मुंग्यांची रांग, आणि हाताच्या मुठीएवढा
ॲल्युमिनियमचा डबा,
वरचा पत्रा फुगलेला,
आंबलेल्या दह्याच्या डब्यासारखा.
रबरी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं
हार्लननं त्याची टोकं जुळवली.
टिचकन एक ठिणगी.
"मेल्यावरही थोडं उरतं," तो म्हणाला,
आणि लगेच घसा साफ केला.

दुकान सकाळी सातला.
तोवर दर वेळी घर गार झालं की यंत्र थांबणार,
आणि दर वेळी उठून काठी घालायची.
"थांबूच देऊ नको," तो म्हणाला.
मी आकडा सोळावर नेला,
यूमाच्या उन्हाळ्यात जो कधीच गाठता येत नाही.
तरी भरवसा नको म्हणून
दोन प्लास्टिकच्या खुर्च्या काढल्या,
काठी माझ्या मांडीवर.

तो कालव्यावरच्या नोकरीबद्दल बोलला,
एकोणतीस वर्षं दारं उघडायची नि मिटायची.
बायकोबद्दल नाही बोलला.
मी लेट्यूसच्या शेडबद्दल सांगितलं,
तिथं आम्ही जुलैतही स्वेटर घालतो.
शेंगांचा विषय दोघांनीही काढला नाही.
दोन वेळा खोकं गुरगुरलं,
दोन वेळा मी उठले.

चारच्या सुमारास मागचं दार किरकिरलं.
बाबा, मोजे घातलेले,
अंगाभोवती अंथरुणाची चादर.
"ओफेलिया," ते म्हणाले,
"हिवाळा लागला नि मला सांगितलंही नाहीस?
रजई कुठं ठेवलीयस?"

हार्लन हसला.
मला वाटतं, मी त्याला हसताना
पहिल्यांदाच पाहत होते;
पुढचे दोन दात नव्हते.

रजई काढून दिली.
परत येऊन बसते तोच
टक्कन काहीतरी पडलं खोक्याच्या पत्र्यावर.
आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं.